झाकून ठेवलेले ताट



लग्नाच्या तयारीसाठी जी तरुण जोडपी आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. "लग्नानंतर तुम्ही रात्री किती वाजता जेवणार?" मुले हसतात. फादर आता देवाविषयी, मुलाबाळांविषयी, फार तर पैशांविषयी विचारतील अशी त्यांची समजूत असते. मग हळूहळू हिशेब सुरू होतो. मुलगा ठाण्याला कामाला, आसनगावहून पहाटेची गाडी पकडतो, घरी यायला रात्रीचे साडेनऊ, कधी दहा. मुलगी मुरबाडच्या एमआयडीसीत, तिची पाळी दर आठवड्याला बदलते. सासऱ्यांना गोळी घ्यायची असते, म्हणून ते आठच्या आत जेवणार. शेवटी मुलगीच बोलते, "एकत्र जेवण रविवारीच होईल, फादर."

आम्ही हा प्रश्न त्यांना अडचणीत आणण्यासाठी विचारत नाही. पण त्यांचे उत्तर ऐकून आम्हीच विचारात पडतो. दिवंगत पोप फ्रान्सिस महोदयांनी ११ नोव्हेंबर २०१५ रोजी, बुधवारच्या शिकवणुकीत, सहभोजन हाच विषय घेतला होता. जे कुटुंब क्वचितच एकत्र जेवते, किंवा जेवायला बसूनही टीव्ही आणि मोबाइलकडे पाहत राहते, त्याला कुटुंब म्हणणे कठीण, असे त्यांचे स्पष्ट मत होते. टीव्ही आणि मोबाइलविषयी आम्हाला काही वेगळे म्हणायचे नाही. पण पहिला भाग आपल्या तालुक्यात जसाच्या तसा लावला तर काय होईल? जो बाप पोरे झोपल्यावर घरी येतो आणि ती उठायच्या आत निघून जातो, त्याचे घर म्हणजे कुटुंब नव्हे काय? तो बाप त्या पोरांच्या ताटातल्या भातासाठीच तर गाडीला लोंबकळत जातो. पोप महोदयांनाही हे ठाऊक होते. त्याच शिकवणुकीत त्यांनी या जेवणापासून दूरच राहिलेल्या भुकेल्या बंधुभगिनींची आठवण करून दिली होती. तेव्हा प्रश्न असा आहे, की एकत्र जेवणे म्हणजे नेमके काय? एकाच वेळी, एकाच खोलीत तोंड हलवणे, की आणखी काही?

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने मैत्रीवर लिहिताना या प्रश्नाला हात घातला आहे. त्याच्या काळी अशी म्हण होती, की दोन माणसांनी पुष्कळ मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय ती एकमेकांना ओळखत नाहीत. आपण मराठीत खाल्ल्या मिठाला जागतो, तेच हे मीठ. पुष्कळ मीठ खायचे म्हणजे पुष्कळ दिवस लागणार, कारण मीठ कोणी वाटीभर खात नाही. पुढे तो आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. माणसांचे एकत्र राहणे म्हणजे गुरांनी एका माळावर चरणे नव्हे. माणसे बोलण्यात आणि विचारात भागीदार असतात. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. माळावर शंभर गुरे एकत्र चरतात, पण कोणी कोणाला "घे ना अजून" म्हणत नाही.

दुसरा एक विचार जर्मन अभ्यासक गेओर्ग झिमेल याने १९१० साली मांडला. तो म्हणतो, माणसाच्या सर्व गोष्टींत खाणे ही सर्वांत आपमतलबी गोष्ट आहे. मी जे पाहतो ते दुसराही पाहू शकतो, मी जे ऐकतो ते हजार जण ऐकू शकतात. पण मी खाल्लेला घास दुसऱ्या कोणालाही खाता येत नाही. तो माझा झाला आणि संपला. आणि नेमक्या याच गोष्टीभोवती माणसांनी आपले सगळे एकत्र येणे रचले आहे. सण, लग्न, करार, समेट, सर्व काही जेवणाने. आम्हाला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. ताट ही मुळात भांडणाची जागा आहे. कुत्र्याच्या पिलांपुढे एक भाकरी टाकून पाहा. माणसाने तिथे भूक आणि घास यांच्या मध्ये काहीतरी ठेवले, म्हणून ती जागा प्रेमाची झाली. त्याने काय ठेवले? आमच्या मते, वाट पाहणे.

आपली जुनी पंगत आठवा. पळसाच्या पत्रावळी मांडल्या जात. आधी मीठ, लिंबाची फोड, चटणी. मग भात, मग वरण. वाढपी ओळीच्या शेवटापर्यंत पोहोचेपर्यंत पहिला माणूस भाताकडे नुसता पाहत बसे. शेवटच्याला वाढून झाले की देवाचे नाव घेऊन सर्वांचे हात एकदमच अन्नाला लागत. उठतानाही तसेच. आपले संपले म्हणून मध्येच उठणे हा शेजाऱ्याचा अपमान मानला जाई. म्हाताऱ्या माणसाचे चावून होईपर्यंत तरणी पोरे बोटे चाटत बसून राहत. आता बुफे आला. बुफेत अन्न भरपूर असते, पण कोणी कोणासाठी थांबत नाही. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घास, आणि ओळखीचा माणूस भेटला तर नमस्कार करायला हातच उरत नाही.

पण पंगतीचे गोडवे गाताना खरे तेही सांगायला हवे. पंगतीत वाट पाहिली जाई ती आपल्या ओळीतल्यांची. कोणाची ओळ अंगणात, कोणाची गोठ्यापाशी, आणि कोणाच्या झोळीत उरलेसुरले पडायचे, हे आपल्या आजोबा-आजींना विचारा. काहींना हे विचारावेही लागणार नाही. आपल्या महाराष्ट्रात पैठणच्या संत एकनाथांची गोष्ट सांगतात. श्राद्धासाठी ब्राह्मणांकरता रांधलेले अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढले, आणि गावाचा रोष ओढवून घेतला. ती गोष्ट ऐकताना आम्हाला नेहमी अंत्युखियाची आठवण होते. तिथे संत पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंगतीला बसत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली, तसा तो हळूच बाजूला झाला. त्याला पाहून इतरही बाजूला झाले. संत पौलाने सर्वांसमक्ष, तोंडावर, पेत्राला जाब विचारला. गलतीकरांच्या पत्रात हे सारे लिहिलेले आहे. पेत्राने विश्वास नाकारला नव्हता, मूर्तीपुढे वाकला नव्हता. तो फक्त जेवताना जागा बदलून बसला होता. पौलाला तेवढ्यात शुभवर्तमानाशी बेइमानी दिसली.

करिंथ येथील मंडळीला याच पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास जे लिहिले, ते तर थेट आपल्या विषयावर आहे. त्या काळी प्रभुभोजन आणि साधे जेवण एकत्रच होत असे. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा होता ते लवकर येत, आपले डबे उघडत, पोटभर खात, पीत. मजूर आणि गुलाम दिवसभराचे काम आटोपून उशिरा पोहोचत, असे अभ्यासक म्हणतात. तोवर भांडी रिकामी झालेली असत. आम्ही हा उतारा वाचतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे रात्री आसनगावच्या पुलावरून उतरणारी माणसे येतात. पौल फार रागावतो. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो म्हणतो. आणि एवढे रागावून झाल्यावर उपाय कोणता सांगतो? लांबलचक प्रायश्चित्त नाही, नवा विधी नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढेच. प्रभूचे शरीर न ओळखता खाणे म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले. करिंथकरांपुरते तरी त्याचे उत्तर साधे होते: दारात उशिरा येऊन उपाशी उभा राहिलेला माणूस त्यांनी ओळखला नव्हता.

पण ज्याच्यासाठी थांबणे शक्यच नाही, त्याचे काय? दोनची पाळी असलेल्यासाठी घरातल्या लहान पोरांनी दोनपर्यंत उपाशी बसावे काय? इथे आपल्या घरातली एक साधी वस्तू आम्हाला मोठी वाटते. झाकून ठेवलेले ताट. चुलीपाशी किंवा ओट्यावर, वर दुसरे ताट उपडे घातलेले. आत दोन तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, सुकट असेल तर सुकट. घरातले सगळे जेवून झोपले तरी ते ताट जागे असते. जो इथे नाही त्याचा वाटा इथे आहे. त्याला कोणी विसरलेले नाही. सर्वांनी एका वेळी जेवावे हे उत्तमच, पण ज्या घरात असे ताट झाकलेले असते, ते घर एकत्र जेवते असे म्हणायला आम्ही तयार आहोत. उलट, चार माणसे एकाच वेळी टेबलाला बसून चार मोबाइल पाहत असतील तर तो ॲरिस्टॉटलचा माळ झाला.

आमचा हा विचार ख्रिस्तसभेच्या परंपरेला धरूनच आहे. संत जस्टिन या रक्तसाक्ष्याने इ. स. १५५ च्या सुमारास आपली बाजू मांडताना रविवारच्या मिस्साबलीचे वर्णन करून ठेवले आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, उपकारस्तुती, मग सर्वांना प्रसाद. आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे उपसेवक तो घेऊन जातात, असे तो आवर्जून लिहितो. आपल्या वेदीजवळ जी पेटी आहे, जिच्यासमोर लाल दिवा तेवत असतो, तिचा आरंभ इथे आहे. आजारी, मरणासन्न, गैरहजर अशांसाठी राखून ठेवलेला वाटा. तिच्यासमोर आपण आराधना करतो ते योग्यच आहे. पण ती मुळात घरच्यांनी झाकून ठेवलेले ताट आहे, हेही गुडघे टेकताना मनात असावे. मंगळुरूकडची आपली कुटुंबे ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मदिनी आशीर्वादित नव्या भाताचे दाणे दुधात घालून एकत्र खातात, आणि आखातात किंवा परदेशात असलेल्या मुलांना त्यातले चार दाणे पाकिटातून पाठवतात. चार दाण्यांनी कोणाचे पोट भरते? पण ते पाकीट उघडणारा मुलगा त्या दिवशी घरी जेवतो.

आता आमच्या मनात ज्यांची ताटे आहेत, त्यांच्याविषयी. दिवाळी झाली, भात झोडून झाले की आपल्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे, विशेषतः कातकरी बांधव, भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मान वर करता येत नाही. आठवड्याला हाती पडते ती खर्ची. वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा १९७६ साली झाला, पण उचलीचा दोर अजून तुटलेला नाही. ही माणसे पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे नाताळ तिकडे, प्रायश्चित्तकाळ तिकडे, पुनरुत्थानाचा सण तिकडे. आपण नाताळची करंजी वाटतो तेव्हा यादीत त्यांची घरे बंद म्हणून वगळली जातात. घर बंद आहे हे खरे. ताट झाकून ठेवले आहे काय, असे आम्ही विचारतो.

आणि ताट झाकून ठेवणारी कोण? इथे हा विषय थोडा अवघड होतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वाट पाहणे हे प्रेमाचे लक्षण असेल, तर आपल्या घरांत हे प्रेम एकाच माणसाच्या वाट्याला का येते? पहाटे डबा तिचा. हंडा तिचा. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा, वैतरणा ही धरणे आपल्या परिसरात. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे. मुंबईत रोज लाखो घरांत जो भात शिजतो त्यात आपल्या डोंगरांचे पाणी असते. आणि मार्च उलटला की शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर बायका टँकरच्या रांगेत उभ्या असतात. तो हंडा आल्यावर चूल पेटते. मग पोरे जेवतात, म्हातारी माणसे जेवतात, धनी येतो, जेवतो, मग ती. भांड्याच्या तळाला जे उरेल ते. तिचे ताट कोणी झाकून ठेवल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही. "ती काय, घेईल नंतर" हे वाक्य मात्र पुष्कळ ऐकले आहे.

आम्ही घरभेटीला येतो तेव्हाही हेच घडते. फादर आले म्हणून पाट, स्टीलचे नवे ताट, सर्वांत मोठी चिंबोरी आमच्या पानात. आम्ही एकटे जेवतो, घरातले पुरुष भिंतीला टेकून आमच्याशी बोलतात, आणि बाई दाराच्या चौकटीला धरून उभी, भाकरी संपली की आणायला. तुमच्या प्रेमाची आम्हाला जाणीव आहे. पण एकटे जेवणे ही आमची रोजचीच गोष्ट आहे, तुमच्या घरी तरी ती नको. चिंबोरीचे तुकडे करा, सगळे बसा, तीही बसेल. भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा. थोड्या गार झाल्या तर चालतील.

कोणी म्हणेल, हे शहरातले नवे विचार. संत लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढून वाचा. धनी लग्नाला गेला आहे. चाकर दिवे लावून त्याची वाट पाहत आहेत. रात्र झाली, मध्यरात्रही झाली असेल. धनी येतो. पुढे आपण काय अपेक्षा करतो? चाकर त्याचे पाय धुतील, ताट वाढतील. येशू उलटेच सांगतो. तो धनी स्वतः कंबर बांधतो, जागे राहिलेल्या चाकरांना पंगतीला बसवतो आणि त्यांना वाढतो. ऐकणाऱ्या पुरुषांना त्या दिवशी चमत्कारिक वाटले असणार. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती "बायकांची कुरकुर" म्हणून सोडून दिली नाही. वाढण्यासाठी सात पुरुष नेमले. त्यांतला एक स्तेफन. आपला पहिला रक्तसाक्षी मुळात वाढपी म्हणून निवडला गेला होता.

ज्या घरांत भावाभावांचे बोलणे बंद आहे, त्यांच्याविषयी दोन शब्द. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता जोडला गेला, पण जमिनीच्या मोबदल्याने तोडलेल्या चुली आम्हाला घरभेटीत भेटतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ मेजवानीत यायला तयार नसतो, तो अंगणातच उभा राहतो. बाप ताटावरून उठून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. तोपर्यंत आत एक जागा रिकामीच आहे. आपल्याकडे अनेक गावांत घरी मृत्यू झाला की चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात, आणि त्याला कडू घास म्हणतात. वर्षानुवर्षे उंबरा न ओलांडलेली भावजय त्या दिवशी टोपली घेऊन येते, समोर बसून "एवढा घास खा" म्हणते, आणि तो खाल्ला जातो, हे आम्ही पाहिले आहे. तोच घास कोणी मरायच्या आधी न्यायला काय हरकत आहे, हे आम्हाला कळत नाही.

आता आपल्या चर्चच्या सणाच्या जेवणाची गोष्ट. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत बुफे की पंगत यावर बरीच चर्चा झाली. बुफेला माणसे कमी लागतात, वेळ वाचतो, केटररशी बोलले की काम झाले, असे काहींचे म्हणणे. ते चुकीचे नाही. तरी यंदा पंगत करायचे ठरले आहे. भात, वरण, बटाट्याची भाजी, गोड म्हणून शेवयांची खीर. मटणावर अजून एकमत झालेले नाही. पहिली पंगत पहाटेपासून स्वयंपाक करणाऱ्या भगिनींची आणि लांबच्या पाड्यांवरून चालत येणाऱ्यांची. पाहुणे, कौन्सिलचे सभासद आणि आम्ही शेवटच्या पंगतीला बसू. भट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांसाठी डबे भरून ठेवले जातील आणि दुसऱ्या दिवशी युवक मोटरसायकलींवरून ते पोहोचवतील. कोणते कुटुंब कुठल्या भट्टीवर आहे ते ज्यांना ठाऊक असेल त्यांनी मिस्सेनंतर सांगावे. वाढायला वीस पुरुष हवे आहेत. आतापर्यंत सात नावे आली आहेत. सात हा आकडा शुभ आहे, पण आपल्या पंगती यरुशलेमच्या मंडळीपेक्षा मोठ्या आहेत, तेव्हा उरलेल्यांनी या आठवड्यात कार्यालयात नावे द्यावीत. येताना स्वतःची बादली आणि पळी आणली तर बरे.